चाकांवरचें घर आणि लांकडाची शेगडी



गेल्या हिंवाळ्यांत, पौष महिन्यांतील एका सकाळीं, नववीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें मला एक प्रश्न विचारला. आदल्या सायंकाळीं आळेफाट्यावर त्यानें एक नवलाची गाडी उभी असलेली पाहिली होती. गाडी माळशेज घाटाकडे निघालेल्या प्रवाशांची होती. तिच्यांत निजावयास फळ्या होत्या, भांडींकुंडीं ठेवण्यास कपाट होतें, आणि सर्वांत आश्चर्याची गोष्ट म्हणजे तिच्या टपांतून एक काळी नळी वर आलेली असून तींतून विरळ धूर निघत होता. गाडींतील गृहस्थांनीं त्याला आंत बोलावून एक लहानशी लोखंडी शेगडी दाखविली. तींत बाभळीचे दोन तुकडे जळत होते, आणि बाहेर हुडहुडी भरविणारा वारा असतांही आंत ऊब होती. हें सर्व सांगून झाल्यावर तो क्षणभर थांबला व म्हणाला, "सर, माझे वडील कांद्याचा टेंपो चालवितात. बाजाराच्या आदल्या रात्रीं फार थंडी असली म्हणजे ते केबिनमध्यें कोळशाची शेगडी घेतात आणि कांचा लावून निजतात. त्यांच्या गाडीला तशी नळी नाहीं. चालेल ना ?"

"चालणार नाहीं, आज घरीं गेल्याबरोबर वडिलांना तसें सांग," असें मीं त्याला तत्काळ सांगितलें. परंतु कां चालणार नाहीं, हें एका वाक्यांत सांगून पटण्यासारखें नाहीं. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा विस्तार होय. तो मुलांबरोबर पालकांनींही वाचावा, कारण शेगडी पेटविण्याचें काम बहुधा वडील माणसांकडेच असतें.

उघड्यावरची आग

आपल्या आळे गांवास आगीची ओळख नवी नाहीं. थंडीच्या दिवसांत पहांटे ठिकठिकाणीं शेकोट्या पेटतात. मेंढरांचे वाडे घेऊन फिरणारे धनगर शेतांत मुक्काम करितात, तेव्हां तीन दगडांची चूल मांडून तिच्याभोंवतीं बसतात. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला म्हणजे ऊसतोडणीसाठीं आलेलीं कुटुंबें पाचटाच्या कोप्या उभारून राहतात. त्यांचीही चूल बहुधा कोपीच्या तोंडाशीं, उघड्यावर असते. हीं सारीं माणसें आपलें बिऱ्हाड सोबत घेऊन फिरणारीं आहेत, आणि त्यांची आग मोकळ्या आकाशाखालची आहे.

उघड्यावरच्या आगीचा एक दोष आहे व एक गुण आहे. दोष हा कीं, वारा तिची बरीचशी उष्णता घेऊन जातो. अंगाची पुढील बाजू भाजते आणि पाठ गारठलेलीच राहते. गुण हा कीं, तोच वारा धूर आणि धुराबरोबरचे विषारी वायुही घेऊन जातो.

आपलीं जुनीं घरेंही एका अर्थानें अर्धवट उघडींच होतीं. कौलांच्या फटींतून, दाराच्या चिरांतून व भिंतींतील झरोक्यांतून हवा सतत ये-जा करीत असे. चुलीच्या धुरानें आजीचे डोळे चुरचुरत, खोकल्याची ढांस लागे, आणि त्या धुरानें कित्येक मायबहिणींच्या छातीचें कायमचें नुकसान केलें, हें विसरतां येणार नाहीं. तथापि रात्रीं कोपऱ्यांत राहिलेल्या निखाऱ्यांचें विष सांचून राहण्यास त्या घरांत फारसा वाव नसे. आतां घरावर स्लॅब आला, खिडक्यांना सरकत्या कांचा आल्या, मोटारींच्या दारांना रबरी पट्ट्या आल्या. स्वयंपाकघरांत गॅसची टांकी आली, आणि चुलीपुढें बसून मिळणारें आगीचें ज्ञान नव्या पिढीस मिळेनासें झालें. शेगडी उशाशीं घेण्याची जुनी संवय मात्र राहिली. जुनी संवय अशा घट्ट बंद खोलींत शिरली म्हणजे घात होतो. या लेखाचें सार एवढेंच आहे. पुढील सर्व विवेचन त्याचें कारण समजून घेण्यासाठीं आहे.

लांकूड जळतें म्हणजे काय होतें ?

मायकेल फॅरडे या थोर शास्त्रज्ञांनीं १८६० च्या नाताळच्या सुटींत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मुलांसाठीं एका साध्या मेणबत्तीवर सहा व्याख्यानें दिलीं. घन मेण स्वतः जळत नाहीं, तें वितळून त्याची वाफ होते व ती वाफ जळते, हें त्यांनीं मुलांना प्रयोगानें दाखविलें. लांकडाचेंही असेंच आहे.

लांकूड तापूं लागलें म्हणजे प्रथम त्यांतील पाणी वाफ होऊन निघून जातें. पुढें त्याच्यांतून जळाऊ वायु बाहेर पडतात. ते पेटले म्हणजे आपणांस ज्योत दिसते. ते वायु संपल्यावर कोळसा उरतो आणि तो ज्योतीवांचून, लाल होऊन जळत राहतो. शेवटीं राख राहते.

ताज्या तोडलेल्या लांकडाच्या वजनांपैकीं जवळजवळ निम्में वजन पाण्याचें असूं शकतें. एक किलो पाण्याची वाफ करण्यास सहाशें किलोकॅलरींहून अधिक उष्णता लागते, आणि ती त्या लांकडालाच द्यावी लागते. म्हणून ओलें सरपण फुरफुरतें, धुमसतें, पण ऊब देत नाहीं. सावलींत, वारा लागेल अशा रीतीनें, फोडून रचून ठेवलेलें लांकूड वाळलें म्हणजे त्याच्या टोंकांस भेगा पडतात, आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले असतां टणक आवाज येतो. असें एक किलो लांकूड सुमारें साडेतीन हजार किलोकॅलरी उष्णता देतें. बाभळीसारखें जड लांकूड सावकाश जळतें व त्याचे निखारे टिकतात. पाचट किंवा काटक्या भडकन पेटून विझतात. म्हणून काटक्या पेटविण्यासाठीं आणि बाभूळ ऊब टिकविण्यासाठीं, ही आपल्या आजींची वांटणी शास्त्राला धरूनच आहे.

न दिसणारा वैरी

जळणाला पुरेशी हवा मिळाली तर लांकडांतील कर्ब हवेंतील प्राणवायूशीं संयोग पावून कार्बन डायॉक्साइड हा वायु होतो. हवा अपुरी पडली तर कर्बाला प्राणवायूचा अर्धाच वांटा मिळतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा वायु तयार होतो. कोळशाच्या शेगडींत तर तो विपुल होतो. कारण खालीं झालेला कार्बन डायॉक्साइड वरच्या तापलेल्या कोळशांतून जातांना पुन्हा मोनॉक्साइड बनतो. फुललेल्या शेगडीवर कधीं कधीं निळी ज्योत नाचतांना तुम्हीं पाहिली असेल. ती याच वायूची ज्योत होय. तो सारा तेथें जळत नाहीं. उरलेला खोलींत पसरतो.

या वायूला रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. तो डोळ्यांना झोंबत नाहीं व खोकलाही आणीत नाहीं. आपल्या रक्तांत प्राणवायु वाहून नेणारा हिमोग्लोबिन नांवाचा पदार्थ असतो. तो प्राणवायूपेक्षां या वायूला दोनशें पटींहून अधिक ओढीनें धरून ठेवतो. परिणामीं, श्वास चालूं असूनही शरीर प्राणवायूवांचून उपाशी राहतें. प्रथम डोकें दुखतें, गरगरतें, मळमळतें. पुढें हातपाय गळतात आणि शुद्ध जाते. निजलेल्या माणसाला पहिलीं लक्षणें कळतच नाहींत, आणि तो झोंपेंतून उठत नाहीं.

इंग्लंडांत जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञांनीं कोळशाच्या खाणींतील अपघातांचा अभ्यास करून १८९६ सालीं दाखवून दिलें कीं, स्फोटानंतर मेलेल्या मजुरांपैकीं बहुतेक स्फोटाच्या धक्क्यानें मेले नसून या वायूनें मेले होते. त्यांच्याच सूचनेवरून कॅनरी नांवाचे चिमुकले पक्षी खाणींत नेण्याची पद्धति पडली. माणसाच्या आधीं पक्षी कोसळे आणि मजूर सावध होत. ब्रिटनमध्यें ही पद्धति १९८६ पर्यंत चालली. मग तिची जागा यंत्रांनीं घेतली.

आपल्याकडील गैरसमज येथेंच आहे. "लांकडाचा धूर वाईट, कोळशाला धूर नाहीं, म्हणून तो निर्धोक," असें पुष्कळांना वाटतें. खरी गोष्ट अशी आहे कीं, धूर निदान सूचना तरी देतो. फुललेले कोळसे कांहींच सूचना देत नाहींत.

दुसऱ्या दिवशीं तो विद्यार्थी वडिलांचें उत्तर घेऊन आला. "इतकीं वर्षें निजतों आहे, आजवर कांहीं झालें नाहीं," असें ते म्हणाले होते. मीं त्याला विचारलें, "गाडी किती वर्षांची ?" तेव्हां कळलें कीं, जुन्या टेंपोच्या दाराचें रबर झिजलेलें होतें व एक कांच कधींच पुरी वर जात नसे, नवी गाडी याच दिवाळींत घेतलेली. "आणि सकाळीं त्यांचें डोकें दुखतें काय, तें विचार," असें मीं सांगितलें. तिसऱ्या दिवशीं मुलाचा चेहरा उतरलेला होता. डोकें दुखत होतें. वडील तो थंडीचा परिणाम समजत होते.

धुराडें काय करितें ?

आतां फाट्यावरच्या त्या गाडीकडे वळूं. तिच्यांतही आगच होती. मग ती निर्धोक कशी? तिची शेगडी चारी बाजूंनीं बंद होती, दाराला घट्ट झांपण होतें, आणि जळण्यांतून होणारा प्रत्येक वायु नळीवाटे टपाबाहेर जात होता. आंतील माणसांना मिळत होती ती केवळ तापलेल्या लोखंडाची ऊब.

धूर नळींतून वर कां जातो ? हवा तापली म्हणजे फुगते व हलकी होते. नळींतील वायु २०० अंश सेल्सिअस तापला असेल आणि बाहेरची हवा १५ अंशांवर असेल, तर तेवढ्याच जागेंतील तापलेल्या वायूचें वजन बाहेरच्या हवेच्या सुमारें तीन पंचमांश असतें. बाहेरची जड हवा खालून आंत शिरते व हलक्या वायूला वर ढकलते. यालाच धुराड्याची ओढ म्हणतात. नळी जितकी उंच, सरळ व उबदार, तितकी ओढ चांगली. नळी आंखूड, वांकडीतिकडी किंवा काजळीनें कोंदलेली असली कीं ओढ मंदावते व धूर उलटा खोलींत येतो.

याचा एक प्रयोग शाळेंत शिक्षकांच्या देखरेखीखालीं करून पाहावा. टेबलावर मेणबत्तीचा लहान तुकडा लावा. त्यावर दोन्ही टोंकें उघडीं असलेली कंदिलाची उंच कांच सपाट टेंकवून ठेवा. वरचें तोंड उघडें असूनही ज्योत थरथरते, धुरकटते आणि बहुधा विझते. आतां तीच कांच दोन पेन्सिलींवर, खालून थोडी फट राहील अशी ठेवा. ज्योत स्थिर व तेजस्वी होते. आगीला वरून जाण्याची वाट पुरेशी नाहीं, खालून येण्याचीही वाट लागते. दोन वाटांपैकीं एक बंद केली कीं दुसरी निरुपयोगी होते. हाच नियम गाडीस लागू आहे, हाच घरास.

थोडा हिशेब

समजा, गाडींतील खोली ३ मीटर लांब, १.८ मीटर रुंद आणि १.८ मीटर उंच आहे. तिच्यांत जवळजवळ १० घनमीटर हवा मावते. एक किलो लांकूड लहान शेगडींत नीट जळण्यास सुमारें ८ ते १० घनमीटर हवा खर्च होते. म्हणजे तासाला एक किलो लांकूड जाळलें तर खोलींतील जवळजवळ सारी हवा तासाभरांत शेगडींतून निघून जाईल. ती भरून काढण्यास बाहेरची हवा आंत आलीच पाहिजे. टेंपोची केबिन तर या खोलीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीही नसते.

आतां ऊब किती लागेल, तें पाहूं. या खोलीचे सर्व पृष्ठभाग मिळून सुमारें २८ चौरस मीटर होतात. बाहेर १० अंश व आंत २० अंश ठेवावयाचे असतील, तर नुसत्या पत्र्यांतून दीड हजार वॅटांच्या आसपास उष्णता सतत बाहेर जाते. पत्र्याच्या आंतून इंचभर जाडीचें उष्णतारोधक अस्तर दिलें तर हें प्रमाण चौथ्या हिश्श्यावर येतें. ताशीं अर्धा किलो वाळलेलें लांकूड आणि निम्म्याहून थोडी अधिक उष्णता खोलीस देणारी शेगडी, एवढ्यानें हजार वॅटच्या विजेच्या शेगडीइतकी ऊब मिळते. म्हणून जाणते लोक म्हणतात, आधीं अस्तर, मग आग.

आणि हवेसाठीं ठेवलेल्या फटीनें किती ऊब वायां जाते ? ताशीं २० घनमीटर थंड हवा १० अंशांनीं तापविण्यास सुमारें ६५ वॅट लागतात. जुन्या ६० वॅटच्या दिव्याएवढा हा खर्च होय. थंडी येईल म्हणून जी फट आपण बुजवितों, ती इतकी स्वस्त आहे.

देशोदेशींचा अनुभव

चाकांवरच्या घरांत शेगडी ठेवण्याची कला इंग्लंडांतील रोमानी लोकांनीं एकोणिसाव्या शतकांत पूर्णत्वास नेली. त्यांच्या घोडागाड्यांत लोखंडी शेगडी असे व तिची नळी टपांतून वर जाई. इंग्लंडांत गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूनें चालतात. म्हणून नळी नेहमीं उजव्या अंगास, रस्त्याच्या मध्याकडे काढीत, म्हणजे कडेच्या झाडांच्या फांद्या तिला लागत नसत. या लोकांचे पूर्वज फार प्राचीन काळीं हिंदुस्थानांतून पश्चिमेकडे गेले. त्यांच्या भाषेंत पाण्याला 'पानी' व आगीला 'याग' म्हणतात. आपल्या 'आग' शब्दाचाच तो भाऊबंद आहे.

आपल्या महाराष्ट्रांतही धुराड्याचा विचार झाला आहे. वर्ध्याच्या मगनवाडींत १९४७ च्या सुमारास 'मगन चूल' तयार झाली. तींत जाळ एकाच तोंडाशीं असून त्याची उष्णता पुढच्या वैलांना मिळे, आणि धूर नळीवाटे घराबाहेर जाई. गाडींतील शेगडी व मगन चूल यांचें तत्त्व एकच : ऊब आंत, वायु बाहेर.

२०१८ सालीं आपला जुन्नर तालुका पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला, आणि २०२१ सालीं महाराष्ट्र शासनानें अशा फिरत्या घरांच्या पर्यटनासाठीं धोरण आंखलें. शिवनेरी, लेण्याद्री व माळशेजकडे जाणारीं चाकांवरचीं घरें आपल्या फाट्यावर पुढेंही दिसतील. कोणी तशी गाडी बांधील, कोणी तीवर नोकरी करील. त्यांच्यासाठीं व घरोघरच्या पालकांसाठीं कांहीं नियम सांगतों.

लक्षांत ठेवण्याचे नियम

१. धुराड्यावांचून कोणतीही आग, लांकडाची असो वा कोळशाची, बंद खोलींत किंवा बंद गाडींत घेऊन निजूं नये. खिडकी किंचित् उघडी ठेवली म्हणजे कोळशाची शेगडी निर्धोक होते, असेंही समजूं नये.

२. धुराड्याची शेगडी असली तरी हवा आंत येण्याची कायमची वाट ठेवावी व ती चिंध्यांनीं बुजवूं नये.

३. नळीपासून लांकूड, कापड व अंथरूण निदान नळीच्या व्यासाच्या तिप्पट अंतरावर असावें. टपांतून नळी जाते तेथें न जळणारें वेष्टन असावें.

४. ओलें लांकूड, रंग दिलेल्या फळ्या, प्लायवूड व प्लॅस्टिक जाळूं नये. ओल्या लांकडानें नळींत डांबरासारखी काजळी बसते आणि एखाद्या दिवशीं तीच पेट घेते. नळी वेळोवेळीं झाडावी.

५. गाडी चालूं असतांना शेगडी पेटलेली नसावी. राख झांकणाच्या लोखंडी डब्यांत काढावी. तिच्यांत निखारे कित्येक तास जिवंत राहतात.

६. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारें लहान यंत्र मिळतें. तें आपल्या काळाचा कॅनरी पक्षी होय. तें गाडींत असावेंच, व सोबत आग विझविण्याचें साधनही असावें.

७. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणें गाडीच्या मूळ रचनेंत मनास येईल तसा फेरफार करितां येत नाहीं. टपाला भोंक पाडण्यापूर्वीं परवानगीची चौकशी करावी.

८. बंद खोलींत शेगडीजवळ कोणी बेशुद्ध आढळल्यास प्रथम दारें-खिडक्या सताड उघडाव्या, त्यास मोकळ्या हवेंत आणावें व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मदतीस जाणारानें स्वतः आंत रेंगाळूं नये.

शेवटीं त्या विद्यार्थ्याची गोष्ट पुरी करितों. त्यानें घरीं पेन्सिली, मेणबत्ती व आजीच्या जुन्या कंदिलाची कांच घेऊन वडिलांना वरील प्रयोग करून दाखविला. ज्योत विझली तेव्हां वडील कांहीं बोलले नाहींत. पुढच्या बाजाराच्या रात्रीं त्यांनीं शेगडी गाडीबाहेर ठेवून चार सोबत्यांसह हातपाय शेकले, निखारे पाण्यानें विझविले, आणि दोन घोंगड्या घेऊन, कांच दोन बोटें खालीं ठेवून ते निजले. थंडी वाजली खरी. पण सकाळीं डोकें दुखलें नाहीं. त्या चार सोबत्यांपैकीं दोघांनीं आपल्या शेगड्याही बाहेर काढल्या, असें मुलानें मला सांगितलें.

मित्रहो, पुस्तकांतील धडा परीक्षेपुरता नसतो. प्राणवायूचें प्रकरण तुम्हीं सर्वांनीं वाचलें आहे. आज सायंकाळीं घरीं गेल्यावर, शेगडी कोठें ठेवली आहे आणि खिडकी उघडी आहे कीं नाहीं, एवढें पाहा. घरांतील कोणी वडील माणूस "इतकीं वर्षें कांहीं झालें नाहीं" म्हणाले, तर त्यांच्याशीं वाद घालूं नका. नम्रपणें एक मेणबत्ती व एक कांच मागून घ्या.